इमाममामांचा लंबक

इमाम शिकलगार चौतीस वर्षं कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर होते. कागदोपत्री परिचर, पोरांच्या तोंडी मामा. वर्गात सर शिकवणार, टेबलावर सामान मामा मांडणार, आणि प्रयोग फसला की सर मामांकडं बघणार, अशी तिथली रीत. मग मामा पुढं यायचे, कुठलीतरी तार जरा दाबायचे, नाहीतर ब्युरेटच्या तोटीला बोटानं व्हॅसलिन लावायचे, आणि प्रयोग सुतासारखा सरळ व्हायचा. त्यांचे वडील चाक घेऊन गल्लोगल्ली सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरायचे. ती नजर आणि तो हात मामांकडं आपसूक आला होता. आजवर त्यांनी केलं नव्हतं ते एकच. खडू हातात घेऊन फळ्यापुढं उभं राहणं.

निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने त्यांनी गल्लीतले सगळे मिक्सर दुरुस्त केले. तिसऱ्या महिन्यात दुरुस्त करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात हात घातला. प्रत्येक डब्यावर सुबक अक्षरात चिठ्ठी. मिठाच्या बरणीवर ‘सोडियम क्लोराइड’ लिहिलेलं बघून त्यांच्या बायकोनं, रशिदानं, कपाळावर हात मारला.

अशात शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. आदिती उपाध्ये नावाची त्यांची जुनी विद्यार्थिनी पुण्याहून आली होती. आता ती इंजिनिअर होती, पण डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, तिला आठवीत मामांनीच शिकवलं होतं. तिनं आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी टांझानियातल्या एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेशी संबंध जोडला होता. दरवर्षी कोणीतरी चार-पाच महिने तिथं जाऊन, मानधन न घेता, पडेल ते काम करून येत असे.

“मामा, तिथं लॅबची इमारत आहे, टेबलं आहेत, आत काही नाही,” आदिती म्हणाली. “इकडून सामान नेऊन द्यावं, तर बिघडलं की कपाटात जातं. मला सामान देणारा माणूस नको. बनवणारा पाहिजे. येता का?”

“मी?” मामा हसले. “अगं, मला इंग्रजी कुठं येतंय?”

“बीकर, ब्युरेट, ॲमीटर, टेस्ट ट्यूब,” आदिती बोटं मोजत म्हणाली. “चौतीस वर्षं इंग्रजीच बोलताय की.”

घरी येऊन मामांनी भीत भीत विषय काढला. रशिदा भाकऱ्या थापत होती. तिनं तवा उतरवला आणि वळून बघितलं.

“घरातला गिझर दिवाळीपासनं बंद हाय. त्यो दुरुस्त करायला तुमास्नी सवड न्हाय, आणि आफ्रिकेत लॅब मांडाया निघालाय व्हय?”

“न्हाय जात मग.”

“न्हाय कशाला? जावा की! मी बोललो का जाऊ नका म्हणून?” कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं रशिदाही ‘बोललो, आलो, गेलो’ असंच बोलायची. “तुमी हितं ऱ्हायलासा तर उद्या माझ्या कपाळावर चिठ्ठी चिकटवशीला. पाच महिनं जावा. मी बी जरा निवांत बसतो.”

पासपोर्ट निघाला, लशी टोचून झाल्या. निघायच्या आदल्या दिवशी मामा उद्यमनगरात गुंडूकडं गेले. गुंडू सुतार हा त्यांचा तालमीपासूनचा दोस्त. उद्यमनगरात त्याचं लेथचं शेड होतं. त्यानं एक जड पिशवी मामांपुढं धपकन ठेवली. आत पक्कड, कानस, लहान व्हाइस, हॅक्सॉ आणि पाच मीटरचा स्टीलचा टेप.

“वजन जास्त झालं म्हणालं विमानवालं, तर कपडं काढून टाक,” गुंडू म्हणाला. “हत्यारं काढायची न्हाईत. कळलं का मर्दा?”

मुंबईहून दार-एस-सलाम, तिथून दिवसभर बस, आणि शेवटी तीन तास एका जीपमधून लाल मातीच्या रस्त्यानं चढ चढून मामा किलुंगा गावात पोचले. डोंगरातलं गाव. सगळीकडं कापून झालेल्या मक्याची रानं, मधेमधे सूर्यफूल, आणि जुलै महिन्यात अंगात स्वेटर लागेल अशी थंडी. आपण राधानगरीच्या पलीकडं कुठंतरी उतरलोय, असंच त्यांना वाटलं. फक्त आभाळ मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानात चारशे मुलंमुली निळे स्वेटर घालून रांगेत उभी होती. मुख्याध्यापिका नीमा मॅडम उंच, धिप्पाड बाई. आवाज असा, की माइकची गरजच पडू नये. त्या स्वाहिली आणि इतिहास शिकवायच्या. त्यांनी मामांना शेजारी उभं केलं आणि मुलांना इंग्रजीत सांगितलं, “एप्रिलपासून आपल्याला फिजिक्सचे शिक्षक नव्हते. आज ते भारतातून आले आहेत!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. आदितीनं शाळेला पाठवलेल्या पत्रात ‘लॅब इन्स्ट्रक्टर’ असं लिहिलेलं होतं. त्यातला लॅब कुठंतरी गळाला होता आणि मागं नुसता शिकवणारा उरला होता. हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं. पण समोर आठशे डोळे होते. ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, “माझं नाव इमाम. माझ्या शाळेत सगळी मुलं मला मामा म्हणतात. तुम्ही पण मामा म्हणा.”

मग पहिल्या रांगेतून एक फिस्स आवाज आला, आणि बघता बघता मैदानभर हशा उसळला. पोरं एकमेकांच्या खांद्यावर कोसळत होती. नीमा मॅडम पदर नव्हता म्हणून, नाहीतर तोंडाला पदर लावून हसल्या असत्या. डोळे पुसत त्या मामांच्या कानाशी वाकल्या.

“मिस्टर शिकलगार, स्वाहिलीत मामा म्हणजे आई.”

मग मामाच सगळ्यांत मोठ्यानं हसले. पुढं त्यांना कळलं, की इथं थोरल्या भावाला काका म्हणतात आणि थोरल्या बहिणीला दादा. बाबा तेवढा दोन्हीकडं बाबाच. त्यांनी फोनवर हे रशिदाला सांगितलं, तर ती म्हणाली, “आई झालासा न्हवं? मग आता चारशे जणांचा सैपाक करा, म्हंजे कळंल.”

त्या सकाळी मात्र हशा ओसरल्यावर नीमा मॅडमनी त्यांना वर्गाच्या दाराशी नेलं आणि हातात खडू ठेवला. पांढरा, नवा, अख्खा खडू. मामांनी तो बघितला. ‘मॅडम, मी शिक्षक नाही,’ हे वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. पण त्यांनी मूठ मिटली आणि ते आत गेले.

वर्ग म्हणजे आपल्याकडची दहावी धरावी अशी मुलं. मामांनी तारेला एक कुलूप टांगलं, छताच्या हुकाला ती तार बांधली आणि कुलूप झुलतं सोडलं. साधा लंबक. हा धडा त्यांनी दाराआडून चौतीस वेळा ऐकला होता. सरांचे विनोदसुद्धा पाठ होते. अडचण भाषेची होती. पण ती मुलांचीही होती. सातवीपर्यंत स्वाहिलीत शिकून पुढं एकदम इंग्रजीच्या पाण्यात ढकललेली पोरं. मराठी शाळेतून कॉलेजात जाणाऱ्या पोरांची जी गत व्हायची, तीच.

“वेळ,” मामा हातातल्या घड्याळावर बोट ठेवून म्हणाले. “टाइम. तुम्ही काय म्हणता?”

“वकाती!” वर्ग म्हणाला.

मामांचे कान टवकारले. लहानपणी घरात दखनी उर्दू ऐकलेला आणि एरवी मराठी बोलणारा माणूस. “वकाती? वखत?” त्यांनी हवेत हात फिरवला. “आणि ही?”

“हेवा!”

“हवा! आणि हे?” त्यांनी पुस्तक उचललं.

“किताबू!”

मग काय, जणू लग्नात दूरचे पावणे भेटले आणि नातं निघत गेलं. प्रश्नाला स्वाली, उत्तराला जिबू, गणिताला हेसाबू, लेखणीला कलामू, गाडीला गारी, जगाला दुनिया. मामा एकेक शब्द फळ्यावर लिहीत गेले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा खडू निम्मा झाला होता आणि बाहेर निघताना मामांना आपली पावलं जमिनीला लागताहेत की नाही, हे कळत नव्हतं.

पुढचे सहा आठवडे असेच गेले. सकाळी तास, दुपारी प्रयोगशाळा. कपाटात मक्याची कणसं ठेवलेली होती, ती मुलांनी कोठारात नेली. मग गावातलं मोडकं सामान येऊ लागलं. सायकलच्या ब्रेकच्या तारेपासून स्प्रिंगा झाल्या, बाटलीच्या बुचांपासून तराजूची पारडी. जुन्या विजेच्या शेगडीच्या तारेला सरळ करून लाकडी फळीवर ताणलं आणि त्याचा विजेचा रोध मोजायचा मीटर ब्रिज झाला. कुठं अडलं की मामा गुंडूला व्हिडिओ लावायचे. इकडं लेथचा खर्रर्र आवाज, तिकडं मुलांचा कालवा.

“अरं, स्प्रिंग वळताना तार सोडू नगंस! धर, धर की लेका!” गुंडू कोल्हापुरातून ओरडायचा, आणि मुलं त्याच्याच सुरात ‘धर, धर की’ म्हणायची. दोन-तीन आठवड्यांत गावात कोणी काही उचलायला लागलं, की पोरं हटकून म्हणू लागली, “धर की!”

वर्गात उपेंदो नावाची एक मुलगी होती. सोळा वर्षांची, किडकिडीत, दीड तास चालून शाळेला येणारी. ती खिडकीशी बसायची आणि प्रश्न विचारायच्या आधी उठून स्वेटर नीट करायची. ती उठली की मामांना बरं वाटायचं आणि थोडी भीतीही.

एके दिवशी तिनं विचारलं, “सर, दोरी तेवढीच ठेवली तर लंबकाला तेवढाच वेळ लागतो. पण तो तुमच्या गावात नेला तर? कोल्हापुरात पण तेवढाच वेळ लागेल?”

हा प्रश्न चौतीस वर्षांत एकाही पोरानं विचारला नव्हता. मामांना उत्तर माहीत नव्हतं. परिचर असते तर ते सरांकडं बघून गप्प बसले असते. पण हातात खडू होता. आणि खडू हातात असला की माणसाला गप्प बसवत नाही.

“कोल्हापुरात जरा जलद चालतो,” ते ठासून म्हणाले. “आमच्याकडं सगळंच जलद.”

वर्ग हसला. उपेंदो हसली नाही. तिनं खाली बसून पट्टीनं रेघ मारली आणि ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

बाकी काही झालं असतं तरी मामांना चाललं असतं, पण ती रेघ मारून लिहिणं त्यांच्या मनातून जाईना. संध्याकाळी कपडे धुताना त्यांनी शर्टाची कॉलर इतकी घासली की शिवण उसवली. शेवटी त्यांनी आदितीला फोन केला.

“फरक असतो मामा,” ती म्हणाली, “पण या दोन गावांत इतका बारीक, की साध्या घड्याळात दिसायचा नाही. का हो?”

“काय न्हाय,” मामा म्हणाले. “उगंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नीमा मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम दुपारच्या जेवणासाठी घेवड्याचे दाणे निवडत बसल्या होत्या. मामा उभेच राहिले.

“मॅडम, मी शिक्षक नाही. मी प्रयोगशाळेचा शिपाई. सामान पुसायचो, मांडायचो. पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही.”

मॅडमनी एक खडा वेचून बाजूला टाकला. “मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.”

“कसं काय?”

“तास संपला की तुम्ही फळा पुसता आणि मग डस्टरही धुऊन वाळत घालता. आमच्या एकाही शिक्षकानं ते आजवर केलेलं नाही.” त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. “शिक्षक मागून मागून मी थकले होते, मिस्टर शिकलगार. म्हणून मीही काही बोलले नाही. आपण दोघंही गप्प बसलो. पण वर्गाला आता तुम्ही सांगा. मी सांगणं बरं नाही.”

वर्गापुढं उभं राहून मामांनी खडू टेबलावर ठेवला. आपण चौतीस वर्षं काय काम केलं ते सांगितलं. काय घडतं हे आपल्याला ठाऊक आहे, का घडतं ते पुष्कळदा ठाऊक नाही, हेही सांगितलं. “आणि काल मी कोल्हापूरचं सांगितलं, ते उवोंगो होतं. खोटं. वहीत लिहिलं असेल तर खोडा.”

कोणी हसलं नाही. चाळीस वह्या उघडल्याचा आवाज झाला. उपेंदोनं मात्र वही उघडली नाही. ती उठली, स्वेटर नीट केला.

“सर, मी खोडणार नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणजे ते खोटं असेल किंवा खरंही असेल. अजून कोणी बघितलेलं नाही.”

“एका इंजिनिअर बाईंना विचारलं मी. त्या म्हणाल्या, फरक दिसणार नाही.”

“त्यांनी मोजलं का?”

“नाही बहुतेक.”

“मग आपण मोजू,” उपेंदो म्हणाली.

आणि ठरलं. शाळेच्या पाण्याच्या टाकीचा लोखंडी मनोरा होता, त्याच्या आडव्या कांबीवरून दोरा सोडायचा. गुंडूनं दिलेल्या टेपनं मोजून बरोबर चार मीटर. खाली दुधाच्या पावडरीचा डबा, आत ओली वाळू ठासून भरलेली. तिकडं कोल्हापुरात गुंडूनं शेडच्या गर्डरवरून तेवढाच दोरा सोडायचा आणि लेथवर काढलेला बिडाचा गोळा टांगायचा. वीस हेलकाव्यांना किती वेळ लागतो ते दोघांनी आपापल्या घड्याळात बघायचं.

“सोडायला मी हाय,” गुंडू फोनवर म्हणाला. “पर वेळ धराया दुसरं कोणतरी बघ. माझी बोटं ऑइलची, फोन कायम निसटतोय.”

“रशिदाला बोलीव.”

“वहिनी शेडमधी येतील व्हय?”

वहिनी आल्या. शनिवारी सकाळी इथले दहा, म्हणजे कोल्हापुरातले साडेबारा. मामांनी व्हिडिओ लावला तर पडद्यावर रशिदा नवी साडी नेसून, हातात मोबाईलचं स्टॉपवॉच धरून, लेथशेजारच्या स्टुलावर अशी बसली होती की जणू कुस्तीच्या मैदानात पंचच. मागं आजूबाजूच्या शेडमधले पंधरा-वीस कामगार जमलेले. कोणीतरी चहा वाटत होतं.

“पोरांनो, रामराम!” गुंडू ओरडला.

“धर की!” मैदानात जमलेली शाळेतली चारशे पोरं एका आवाजात ओरडली. उद्यमनगर हसून आडवं झालं.

वारा पडलेला होता. किलुंग्यात डबा झुलायला लागला. वर्ग मोजत होता, आणि वर्गाबरोबर सगळं मैदान, कुंपणापलीकडं थांबलेल्या बायका, सायकल टेकवून उभा राहिलेला टपालवाला. ‘मोजा, म्बिली, तातू’, म्हणजे एक, दोन, तीन... तीनदा मोजलं. ऐंशी सेकंद आणि वर चार दशांश. मग ऐंशी आणि वर दोन. मग ऐंशी आणि वर पाच. उपेंदोनं सरासरी काढली. एका झोक्याला चार सेकंद, जराशी वरकड.

“आता तुमचं सांगा,” मामा फोनमध्ये म्हणाले.

कोल्हापुरातही दोनदा मोजून झालं होतं. रशिदानं चष्मा वर सरकवला. “शहात्तर. वर दोन. आणि दुसऱ्यांदा शहात्तर, वर तीन.”

मामांनी आकडा इंग्रजीत सांगितला आणि मैदानात एकच गिल्ला झाला. कोल्हापूर जलद! कोल्हापूर जलद! मुलं टोप्या उडवू लागली, मामांना मिठ्या मारू लागली. “सर, तुम्ही खरं बोलला होता!” नीमा मॅडमनी त्यांचा हात धरून हलवला.

आणि खरं सांगायचं तर क्षणभर मामा विरघळले. आपण ठोकून दिलेलं खरं निघालं. झालं की. विषय संपला. आदितीला काय ठाऊक, तिनं कुठं मोजलंय! पण चौतीस वर्षांची सवय आतून कुरतडत होती. चार सेकंद म्हणजे फार झाले. प्रयोगाचं उत्तर इतकं चुकलं की सर त्यांच्याकडं बघायचे, आणि त्यांची नजर आधी सामानाकडं जायची. त्यांनी आजूबाजूला बघितलं. नाचणाऱ्या पोरांमध्ये उपेंदो कुठं दिसेना. ती मनोऱ्याच्या पायाशी मांडी घालून बसली होती, गुडघ्यावर वही.

“सर,” ती वर न बघता म्हणाली, “ऐंशीतून शहात्तर गेले तर चार. आणि एक झोका पण चारचा.”

मामा तिच्याशेजारी खाली बसले.

“त्यांचा लंबक जलद नाही,” उपेंदो सावकाश म्हणाली. “त्यांचा एक झोका कमी आहे. दोन्ही वेळेला तेवढाच कमी. त्या बाईंना मोठ्यानं मोजायला सांगा.”

मामांनी फोन वर धरला. “रशिदा, परत एकदा. ह्या वेळी मोठ्यानं मोज.”

“आता काय चुकलं माझं?” रशिदा कुरकुरली, पण तिनं बोट बटणावर ठेवलं. गुंडूनं गोळा सोडला, आणि सोडल्या सोडल्या रशिदा खणखणीत आवाजात म्हणाली, “एक!” मामांनी मुलांना एक बोट करून दाखवलं.

“सिफुरी!” उपेंदो ताडकन उठली. “सिफुरी, सिफुरी!” ती फोनकडं हात करून ओरडत होती. “आधी सिफुरी!”

रशिदा मोजायची थांबली. “काय म्हणत्याय ती पोरगी? सिफुरी?” मग तिचे डोळे मोठे झाले. “सिफर? अगं बया! सिफर म्हंजे शून्य की! अवो गुंडूभावजी, सोडताना एक न्हाय म्हणायचं, शून्य म्हणायचं. गोळा कुठं गेला आणि आला अजून? तवर एक कसा हुईल?”

“मग मगाशी का एक म्हणलासा वहिनी?”

“तुमी तरी टोकलं का? एवढं वीस गडी हुबं हायसा!”

पुन्हा गोळा मागं घेतला. रशिदानं एक मोठा श्वास घेतला. “सिफर!” तिनं फर्मावलं. मग एक, दोन, तीन. आता सगळं शेड तिच्याबरोबर मोजत होतं. वीस.

“ऐंशी,” रशिदा म्हणाली. “वर तीन.”

पुढचं कोणाला काही ऐकू आलं नाही. कामगारांनी शिट्ट्या मारल्या, कोणीतरी पत्र्याच्या ड्रमवर पाना वाजवायला लागलं. तिकडं बायकांनी जिभेनं लुलुलु असा जो आवाज काढला, तो ऐकून रशिदा म्हणाली, “काय झालं? कोण पडलं काय?” मामा हसत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. आपलं वाक्य खोटं निघाल्याचा इतका आनंद एखाद्या माणसाला होऊ शकतो, हे त्यांना नवीन होतं.

उपेंदोनं वही उघडली. जुन्या वाक्यावर पट्टी ठेवून एक नीट रेघ ओढली, त्याखाली तारीख घातली, दोन्ही गावांची नावं आणि दोन्ही आकडे लिहिले. मग फोनकडं बघून तिनं रशिदाला विचारलं, “मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात का?”

मामांनी प्रश्न मराठीत सांगितला. रशिदा लाजली. बत्तीस वर्षांच्या संसारात मामांनी तिला इतकं लाजलेलं दोन-तीनदाच बघितलं होतं.

“न्हाय म्हणावं,” ती म्हणाली. “पर इचारलीस, बरं वाटलं.”

त्यानंतर वर्गाची घडी बदलली. पुस्तकातला धडा मुलांनी वाचून यायचा, एकानं फळ्यापुढं समजावून द्यायचा, आणि मामांनी तो टेबलावर मांडून दाखवायचा. पुस्तक आणि टेबल यांचं जुळलं नाही की सगळ्यांनी मिळून चूक शोधायची. कधी टेबल चुकायचं, कधी समजावणारा. एकदा पुस्तकातच छपाईची चूक निघाली, तो दिवस तर सणासारखा गेला. ऑक्टोबरात फिजिक्सचे नवे शिक्षक आले. तरणाबांड, भिडस्त माणूस. सामान बघून त्याचा विश्वासच बसेना. मामांनी त्याला कपाटातली एकेक वस्तू, ती कशापासून केली, बिघडली तर कुठं बघायचं, हे सगळं दाखवलं. प्रत्येक खणावर दोन भाषांत चिठ्ठ्या होत्या.

नोव्हेंबरच्या अखेरीला मामा परत आले. निरोपाला गावानं एक कोंबडा दिला होता. तो विमानात नेता येत नाही, हे पटवून देण्यात अर्धा दिवस गेला. शेवटी तो नीमा मॅडमकडं राहिला.

कोल्हापुरात आल्यावर आठ दिवसांत मामांनी गिझर दुरुस्त केला. रशिदानं तोपर्यंत ती पोरगी, तो गोळा आणि ते सिफर ही गोष्ट गल्लीत, पिठाच्या गिरणीत, भाजी मंडईत अशी काही सांगितली होती, की ऐकणाऱ्याला वाटावं आफ्रिकेला हीच जाऊन आली. ती गोष्ट फिरत फिरत शाहूवाडीकडच्या एका हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांच्या कानावर गेली. त्यांच्याकडं प्रयोगशाळा होती, पण कुलुपात. त्यांनी घरी येऊन विचारलं, आठवड्यातून एक दिवस याल का?

आता दर गुरुवारी दोघं सकाळच्या एस.टी.नं निघतात. पहिल्या दिवशी भाताच्या मळण्या चाललेल्या होत्या आणि पोरं शाळेच्या फाटकातच त्यांची वाट बघत उभी होती. मुख्याध्यापकांनी हार आणला होता. एकच. त्यांनी मामांच्या मागं उभ्या असलेल्या रशिदाकडं बघितलं आणि जरा अवघडून विचारलं, “आणि ह्या?”

“ह्या वेळ धरत्यात,” मामा म्हणाले.

“हाराचं ऱ्हाऊ द्या सर,” रशिदा पिशवी सावरत पुढं झाली. “मला फक्त बसायला टेकायची खुर्ची लागती. आणि लॅबची किल्ली कुणाकडं हाय, तेवढं सांगा. सांजच्या गाडीनं परत जायचं हाय आमाला.”